पाठमोरं वजन

वारम्बिल, ८ जुलै

प्रिय केरिन,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. जानेवारीत आईचं रक्त कोणत्या तारखेला तपासलं, अहवालावर कुणाची सही होती आणि तो कागद घरात आहे का, एवढंच तू विचारलं आहेस. खाली नाव नाही. पाकिटावर न्यूझीलंडचा, डनीडिनचा शिक्का होता, आणि अक्षर तुझं आहे, म्हणून कळलं.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. ते काम तुझी आई करायची. मी शेवटी दोन ओळी जोडायचो, पाऊस पडला की नाही एवढ्याच. पण तू फोन उचलत नाहीस, तेव्हा हेच बरं.

आईच्या मातीच्या दिवशी गावच्या हॉलच्या स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "त्या डॉक्टरला मी सोडणार नाही. आणि तुझ्याशी मला काही बोलायचं नाही." तुझ्या हातात कपांचा ट्रे होता. तू तो खाली ठेवलास आणि मागच्या दाराने गेलीस. त्यानंतर हे पहिलंच पत्र.

कागद शोधतो आहे. आईने सगळे कागद शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवले आहेत, आणि तो खण उघडायला मला वेळ लागतो. तारीख म्हणशील तर १६ जानेवारी असावी. मंगळवार होता. डॉक्टर सेनारत्ने मंगळवारीच गावात येतात.

तुझ्याकडे असेल तशीच इथेही जुलैची कडक थंडी पडली आहे. सकाळी गवत पांढरं असतं. मी ओट्स खातो, ते जाड, उशिरा शिजणारे. एकट्यासाठी किती घ्यायचे हे अजून जमत नाही. रोज अर्धं भांडं उरतं.

बाबा


वारम्बिल, २१ जुलै

प्रिय केरिन,

तुझी ओळ मिळाली. १६ तारीख तू तक्रारीत लिहिली आहेस आणि ऑगस्टच्या अखेरीस ती पाठवणार आहेस. "अहवाल बघून ठीक आहे म्हणाला, आणि सात आठवड्यांनी तीच बाई पिवळी पडून त्याच्यासमोर बसली," असं तू लिहिलंस.

थोडं थांब. डॉक्टर बरा आहे की वाईट, ते मला सांगायचं नाही. आधी तुला मंडळाबद्दल सांगायचं आहे. तू त्याची नेहमी चेष्टा केलीस, म्हणून आईनेही तुला कधी नीट सांगितलं नाही.

रॉझलिन हॅच तुला आठवत असेल. औषधाच्या दुकानात तीस वर्षं होती. तिला साखरेचा त्रास निघाला तेव्हा तिने वाचायला सुरुवात केली. काय खाल्लं की साखर रक्तात एकदम चढते आणि काय खाल्लं की हळू चढते, ते तिने पाठ केलं. पांढरा पाव गेला, दाणेदार पाव आला. मऊ भात गेला, बार्ली आली. मसूर, छोले, सफरचंद, सॅलडवर व्हिनेगर. उपाशी कुणी राहायचं नाही. तिने हॉलमध्ये बारा जणांना जमवलं आणि नाव ठेवलं सावकाश मंडळी. गावाने आम्हाला लगेच गोगलगायी म्हणायला सुरुवात केली.

तुझी आई पहिल्याच मंगळवारी गेली आणि मला ओढून नेलं. "एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाही," ती म्हणाली. "तू जे खाशील ते मी, मी जे खाईन ते तू. तक्रार नाही." तेव्हा ती चौऱ्याण्णव किलो होती आणि मी एकशे आठ.

रॉझलिनचा एकच नियम इतरांपेक्षा वेगळा होता. काट्यावर पाठमोरं उभं राहायचं. आपला आकडा आपण बघायचा नाही. आपल्या जोडीदाराने बघायचा, आपल्या कार्डावर लिहायचा आणि ते कार्ड त्यानेच खिशात ठेवायचं. सगळ्यांसमोर फक्त दोघांची बेरीज सांगायची, या आठवड्यात जोडीने मिळून किती उतरवलं ती. "आपला आकडा आपण बघितला की आपण रडतो नाहीतर केक खातो," रॉझलिन म्हणायची. "आपला आकडा दुसऱ्याने वाहायचा. दुसऱ्याला तो जड होत नाही."

पहिल्या दिवशी डार्सी क्विलने मला बघितलं आणि म्हणाला, "काय रे नेव्ह, तीस वर्षं कोठाराच्या वजनकाट्यावर तू माझ्या गव्हाच्या गाड्या मोजल्यास. आज तुझी गाडी काट्यावर. भरलेली दिसते."

तुझी आई म्हणाली, "डार्सी, तुझ्या गाडीचा तर मागचा फाळकाही बंद होत नाही. गप उभा राहा."

हॉल हसला. तिला असं हसवता येतं हे मी विसरलो होतो. तू गेल्यापासून ती फारशी बाहेर पडत नव्हती. मंगळवार आला की केस नीट करायची. माझ्या डब्यात सकाळी उकडलेले छोले आणि काकडी भरताना गुणगुणायची. दीड वर्षात चौदा किलो उतरले तिचे, अगदी सावकाश, जसे उतरायला हवेत तसे. तो काळ चांगला होता. हे तू मान्य कर, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिला तुलाही जोडायचं होतं. "लांब असली म्हणून काय झालं," ती म्हणायची. "टपालाने आकडा पाठवायचा." तू म्हणालीस, "आई, माझं वजन न्यूझीलंडची बाब आहे." त्यावर ती आठवडाभर हसत होती.

काल बेकरीसमोर डॉक्टर सेनारत्ने भेटले. ते शनिवारी इथे कसे, विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मिस्टर ट्रँटर, जेवता का वेळेवर?"

मी म्हटलं, "जेवतो."

"मंगळवारी या एकदा. काही नाही, नुसतं बसा."

मातीच्या दिवशी ते हॉलच्या मागच्या भिंतीशी उभे होते, तू त्यांच्या समोरून गेलीस आणि त्यांनी मान खाली घातली. हे मी का लिहितो आहे, मला माहीत आहे. आज एवढंच जमलं. तक्रार पाठवू नकोस. पुढचं पत्र येईपर्यंत तरी थांब.

बाबा


वारम्बिल, ४ ऑगस्ट

प्रिय केरिन,

जानेवारीत रक्त तपासलं नाही.

१६ तारखेला आम्ही दवाखान्यात गेलो नाही. अहवाल नाही, सही नाही. खणात कागद नाही, आणि तो नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टरांनी तुझ्या आईला पहिल्यांदा ५ मार्चला बघितलं. तिच्या डोळ्यांकडे एकदा बघितलं आणि त्याच दुपारी शहराच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. त्यांनी एक मिनिटही वाया घालवलं नाही. सात आठवडे मी घालवले.

आता क्रमाने लिहितो.

गेल्या सप्टेंबरपर्यंत मी नियमाने खात होतो. मग सुगीच्या आधी कोठारावर मदतीला बोलावलं, आणि वजनकाट्याच्या केबिनमध्ये कुणीतरी रोज बेकरीतला मीट-पाय आणायचं, आत खिमा भरून भाजलेला, वर सॉस घातलेला. मी खात गेलो. डब्यातले छोले परतीच्या वाटेवर गाला जातीच्या पोपटांना घालायचो. तारेवर माझी वाट बघत बसायचे ते गुलाबी पोपट. तुझ्या आईला रिकामा डबा दिसायचा.

मंगळवारी ती माझ्यासाठी काट्यासमोर उभी राहायची आणि माझा आकडा बघायची. दर आठवड्याला थोडा वर. तिने मला एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त गाडीत म्हणाली, "काळजी करू नकोस, मी आहे ना उतरायला." मला वाटलं ती मला सांभाळून घेते आहे. ती खरंच सांभाळून घेत होती.

कारण तिचा आकडा पडत होता. सप्टेंबरमध्ये ऐंशी, फेब्रुवारीत सहासष्ट. माझे या काळात सहा वाढले. बेरीज बघ, दोघांत मिळून आठ उतरले. सहा महिन्यांत आठ, म्हणजे अगदी सावकाश मंडळींना शोभेल असं. रॉझलिनचा नियम होता की एका महिन्यात कुणाचे तीन किलोंपेक्षा जास्त उतरले तर पुढच्या मंगळवारी काट्यावर नाही, आधी डॉक्टरकडे. जानेवारीत तुझ्या आईचे चार किलो शंभर ग्रॅम उतरले. माझे एक किलो नऊशे वाढले. मी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, जोडीने मिळून दोन किलो दोनशे. टाळ्या वाजल्या. मी खोटा आकडा सांगितला नाही, केरिन. खरी बेरीज सांगितली.

रॉझलिनने चहाच्या वेळी विचारलं, "नेव्ह, हे सगळं ग्लेनिसचं तर नाही ना? ती उतरलेली दिसते."

मी म्हटलं, "अर्धं अर्धं."

हे मात्र खोटं होतं.

एकतीस वर्षं मी गाड्या मोजल्या. भरलेली किती, रिकामी किती. गाडी अर्धा टन इकडेतिकडे निघाली की मी ड्रायव्हरला खाली उतरवायचो. कितीही रांग असो, उन्हात कुणी शिव्या देवो. तुझ्या आईचा आकडा मी एकटा बघत होतो. तिला स्वतःला माहीत नव्हता. तिचं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

ताटात ती अर्धं ठेवायची. "आज बार्लीने पोट भरलं," म्हणायची, आणि मी तिचं उरलेलं खायचो. रात्री पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी घ्यायची. नोव्हेंबरमध्ये एकदा आरशासमोर उभी होती. म्हणाली, "नेव्ह, फार भराभर नाही ना उतरत? तुला दिसतं, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "बार्लीचा गुण आहे."

तिने मान हलवली. आकडा बघणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हाच तर नियम होता.

नाताळात तू आलीस. अंगठी बोटातून पडू नये म्हणून तिने दोरा गुंडाळला होता, तो तू पहिल्या दिवशीच बघितलास. टेबलावर तू म्हणालीस, "बाबा, आमच्या दवाखान्यात एखादी गाय अशी उतरली तर कुणी टाळ्या वाजवत नाही. रक्त तपासतात."

तुझी आई म्हणाली, "ऐकलंस, नेव्ह? बरं झालं मुलगी आली, कौतुक करायला."

आणि मी तुला म्हणालो, दीड वर्ष झटली आहे ती, तिच्या आनंदावर पाणी ओतायला एवढ्या लांबून यायची गरज नव्हती. तू दोन दिवस आधी निघून गेलीस. तू त्यासाठीच माझ्यावर रागावली आहेस असं मी इतके दिवस धरून चाललो, कारण तेवढ्यासाठीच रागावली असतीस तर ते मला परवडणारं होतं.

१२ जानेवारीला तू फोन केलास. आई बागेत होती. "येत्या मंगळवारी तिला घेऊन जा, मला शब्द दे," म्हणालीस. मी शब्द दिला. मंगळवारी सकाळी दवाखाना, दुपारी दोनला वजन. सकाळी ती वजनासाठी न्हाऊन तयार झाली होती; दवाखान्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी वर्षातल्या सर्वांत चांगल्या जोडीला बक्षिसाची ढाल देतात, आणि आम्ही पुढे होतो. मला वाटलं, ढाल होऊ दे. डॉक्टर काही म्हणाले तर मंडळात जाणं थांबेल, आणि माझा आकडा उघडा पडेल. हो, हेही वाटलं. मला भीती वाटत होती असं लिहिलं तर तुला माझी दया येईल. थोडी वाटतच होती. पण त्या सकाळी मी ढालीचा आणि मीट-पायचा विचार केला, हे खरं आहे.

संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी म्हणालो, "रक्त घेतलं." आठवड्याने तू विचारलंस तेव्हा म्हणालो, "सगळं ठीक आहे."

ढाल मिळाली. तिचा निळा झगा मागून टाचण्या लावून घट्ट केला होता. फोटोत टाचण्या दिसत नाहीत.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना मी विचारलं, सात आठवडे आधी आणलं असतं तर. ते म्हणाले, कदाचित थोडे महिने, कदाचित काहीच नाही. तुला ही ओळ सांगून मोकळं व्हावं असं मला पुष्कळदा वाटलं. पण ते महिने असले तर ते तुझेही होते. तू आली असतीस. ती बोलती असताना तू आली असतीस.

तिला मी सांगितलं. एप्रिलमध्ये, तिच्या खाटेशी बसून. कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने चष्मा मागितला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "बिचारा. हे सगळं एकट्याने वागवलंस." थोड्या वेळाने म्हणाली, "केरिनला तू सांग. माझ्याकडून नको." मी तीन महिने सांगितलं नाही.

कार्ड सोबत पाठवतो आहे. तिचं आहे, माझ्या अक्षरात. दुसऱ्या बाजूला माझं चिकटवलं आहे, ते तिच्या अक्षरात. तक्रार करायची असेल तर त्यात नाव माझं घाल. डॉक्टरांना मी मंगळवारी जाऊन सगळं सांगणार आहे. रॉझलिनलाही.

बाबा


वारम्बिल, २७ ऑगस्ट

प्रिय केरिन,

तुझं पोस्टकार्ड काल मिळालं. आल्बट्रॉस पक्ष्याचं चित्र आहे. ते मी आईच्या मशीनवर ठेवलं आहे. मागे तू लिहिलं आहेस:

"तक्रार फाडली. फोन करू नकोस, मला अजून तुझा आवाज ऐकवत नाही. मंगळवारी तुझा आकडा कोण बघतं?"

मी पुष्कळदा वाचलं. विचारलंस त्याचं उत्तर देतो.

कुणी बघत नाही. मे महिन्यापासून मी काट्यावर उभा राहिलो नाही. रॉझलिनने दोनदा दुसरी जोडी लावून देते म्हटलं, मी नको म्हटलं. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छ होतं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुला, नेव्ह. मी अजून एकदा विचारायला हवं होतं." आता बेरीज सांगत नाहीत. प्रत्येकाचा आकडा ती स्वतःही बघते. पाठमोरं उभं राहायचं तेवढं ठेवलं आहे.

डॉक्टर सेनारत्नेंनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमचा पट्टा दाखवा." पट्ट्याला मी खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. त्यांनी माझं रक्त घेतलं. या वेळी खरंच घेतलं. कापसाचा बोळा लावून घरी आलो. ठीक निघालं तर कागद पाठवतो, ठीक नाही निघालं तरी पाठवतो.

आज दुपारी हॉलमध्ये गेलो. डार्सीने मला दारात बघितलं. मग म्हणाला, "ये रे. गाडी बरीच रिकामी दिसते." त्याने माझा कोट धरला.

बूट काढले आणि पाठमोरा उभा राहिलो. समोर भिंतीवर ढालींची रांग आहे, तिथेच बघत राहिलो. रॉझलिनने आकडा चिठ्ठीवर लिहिला, पाकिटात घातला आणि जिभेने चिकटवलं. मी तो बघितलेला नाही. पाकीट या पत्रात आहे.

खाणं असं चाललं आहे. सकाळी ओट्स. दुपारी बहुतेक काही नाही. संध्याकाळी मसुराचं सूप, रॉझलिन आणते, त्यातलं निम्मं. मीट-पाय एकही नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही, भूकच नसते.

उत्तर लिहायला हवंच असं नाही. आकडा तुझ्याजवळ असू दे, मला सांगू नकोस. फक्त फार भराभर उतरायला लागलं, तर बोल.

बाबा